पडद्यापुढचा माणूस

चित्रपटांविषयीं बोलावयास बसलेला मनुष्य बहुधा पडद्याकडे तोंड करून बोलतो. कोणता नट कसा दिसला, कोणत्या गाण्याची चाल कोठून उचलली, कोणत्या दिग्दर्शकानें पूर्वीच्या कोणाचा कित्ता गिरविला, याची चर्चा घरोघर जेवणाच्या वेळीं चालते आणि ती रंगतेहि. पण पडद्याकडे पाठ करून, त्या अंधुक उजेडांत खुर्च्यांवर बसलेलीं माणसें कोण आहेत, तीं कोठून आलीं, आंत येण्यासाठीं त्यांनीं किती दाम मोजला, हें पाहण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं. गेल्या चार-पांच दशकांत हिंदी चित्रपट कां बदलला, मराठी चित्रपट मध्येंच कां झांकोळला आणि पुन्हां कां उजळला, दक्षिणेचा चित्रपट उत्तरेंत एकाएकीं कां धांवूं लागला, या प्रश्नांचीं उत्तरें शोधावयाचीं तर पडद्यापेक्षां पडद्यापुढच्या माणसाकडेच पाहावें लागतें. नटांच्या लोकप्रियतेनें किंवा दिग्दर्शकांच्या प्रतिभेनें चित्रपटाचें रूप जितकें पालटलें, त्याहून अधिक तें तिकिटाच्या दरानें पालटलें आहे. विधान जरा रोखठोक वाटेल. परंतु तें पडताळून पाहण्याजोगें आहे.

जुन्या चित्रगृहाची इमारत म्हणजे एका अर्थीं त्या गांवाचा नकाशाच असे. पडद्याला अगदीं लागून सर्वांत स्वस्त जागा. तेथें हमाल, गिरणीकामगार, टांगेवाले, शाळा चुकवून आलेलीं पोरें. त्यांच्या मागें कारकून आणि दुकानदार. वर बाल्कनी, तींत वकील, डॉक्टर आणि त्यांचा सहकुटुंब परिवार. दरवाजे निराळे, जिने निराळे, पण पडदा एक. पिटांतला प्रेक्षक शिट्ट्या वाजवी, नाणीं उधळी. बाल्कनींतलें कुटुंब नाक मुरडी. परंतु नायकाच्या आईच्या मरणाला हींच नाक मुरडणारीं माणसें पिटाइतकींच रडत. एका छपराखालीं बसलेल्या या सर्वांना त्याच तीन तासांत संतुष्ट करावयाचें, ही निर्मात्यापुढची अट होती. म्हणून एकाच चित्रपटांत मारामारी हवी, भजन हवें, प्रेमगीत हवें, विनोदी नोकर हवा, आणि शेवटीं आईच्या हातचा घासहि हवा. त्यालाच मसाला चित्रपट असें काहींसें हिणवणारें नांव पडलें. टीकाकारांनीं या मिश्रणाला अभिरुचीचा अभाव म्हटलें. वास्तविक तो अभिरुचीचा प्रश्न कमी आणि आसनव्यवस्थेचा अधिक होता. लग्नाच्या पंगतींत तिखट, गोड आणि आंबट एकाच पानावर वाढतात, तें जेवणारांना चव कळत नाहीं म्हणून नव्हे.

या इमारतींतल्या सर्वांत स्वस्त जागेवरचा मनुष्य १९७३ च्या 'जंजीर'पासून जणूं उठून पडद्यावरच गेला. सलीम-जावेद या लेखकद्वयानें घडविलेला आणि अमिताभ बच्चन यांनीं साकार केलेला तो संतप्त तरुण कोण होता? १९७५ च्या 'दीवार'मध्यें तो गोदींतला हमाल आहे. त्याच्या दंडावर हमालाचा बिल्ला आहे. त्याच्या आईनें बांधकामावर ओझीं वाहून मुलें वाढविलीं आहेत. पुढच्या रांगेंत बसलेल्या गोदीकामगाराला तो नायक कोणी परका वाटण्याचें कारणच नव्हतें. त्याच वर्षीं १५ ऑगस्टला 'शोले' प्रदर्शित झाला आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहांत तो पांच वर्षें चालला. एवढा रुंद पडदा, चहूंकडून येणारा तो आवाज, आणि गब्बरसिंगाचे संवाद तोंडपाठ असूनहि ते पुन्हां ऐकण्यासाठीं पुन्हां तिकिट काढणारा प्रेक्षक, या तिहींच्या संगमाशिवाय पांच वर्षें हा आकडा संभवत नाहीं. तिकिट स्वस्त होतें, म्हणून पुन्हां येणें शक्य होतें. ही साधी गोष्ट 'शोले'च्या कौतुकांत बहुधा सांगावयाची राहून जाते.

याच काळांत निराळ्या वाटेनें जाणारे चित्रपटहि निघत होते, आणि त्यांच्या कथा केवळ विद्वानांच्या चर्चेपुरत्या नव्हत्या. श्याम बेनेगल यांच्या 'मंथन'साठीं गुजरातेंतल्या पांच लाख दूध-उत्पादकांनीं प्रत्येकीं दोन रुपये दिले. त्याच्या पटकथेंत विजय तेंडुलकरांचा हात होता. आणि १९७६ सालीं तो लागला तेव्हां हेच निर्माते गांवोगांवहून ट्रक भरभरून तो पाहावयास गेले. १९८३ चा 'अर्धसत्य' तर श्री. दा. पानवलकरांच्या मराठी कथेवरून निघालेला. गोविंद निहलानी यांनीं त्यांतला पोलिस-अधिकारी असा उभा केला कीं, बाल्कनी आणि पिट दोघांनाहि आपापला राग त्यांत सांपडला. समांतर चित्रपट आणि धंदेवाईक चित्रपट यांच्यामध्यें मागाहून जी भिंत कल्पिली गेली, ती त्या वेळच्या चित्रगृहांत तरी फारशी उंच नव्हती.

मग १९८२ साल उजाडलें. या वर्षाला भारतीय चित्रपटाच्या इतिहासांत एखाद्या महान् कलाकृतीमुळें स्थान मिळालेलें नाहीं, पण मिळावयास हवें. जानेवारीच्या १८ तारखेस दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत उतरले, आणि संप कधीं रीतसर मिटलाच नाहीं. गिरणगांवच तेवढें विरत गेलें. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लींत आशियाई क्रीडासामने भरले आणि त्यांच्या निमित्तानें दूरचित्रवाणी रंगीत झाली. म्हणजे ज्या बारा महिन्यांत लालबाग-परळच्या पुढच्या रांगेंतल्या माणसाचा खिसा रिकामा झाला, त्याच बारा महिन्यांत बाल्कनींतल्या कुटुंबाला घरीं बसून रंगीत चित्रें पाहण्याची सोय लाभली. वस्त्र दोन्हीं कांठांनीं एकदम उसवूं लागलें. पुढें व्हिडिओच्या फिती आल्या. १९८७ च्या जानेवारींत 'रामायण' मालिका सुरू झाली आणि रविवारीं सकाळीं रस्ते ओस पडूं लागले. चित्रगृहांचें उत्पन्न घटलें तसे पंखे बंद पडले, खुर्च्यांच्या गाद्या फाटल्या, ढेकूण वाढले. आणि ढेकूण वाढले म्हणून उरलेलीं कुटुंबेंहि घरीं राहिलीं. ऐंशीच्या दशकांतले पुष्कळ हिंदी चित्रपट भडक आणि आरडाओरड्याचे कां, याचें एक कारण या अर्ध्या रिकाम्या चित्रगृहांत आहे. जो प्रेक्षक उरला होता, त्यालाच मोठ्यानें हांक मारली जात होती.

कुटुंबाला परत आणलें तें १९९४ च्या 'हम आपके हैं कौन'नें. त्यांत खलनायक जवळजवळ नाहीं, दारिद्र्य तर मुळींच नाहीं. लग्न, डोहाळजेवण, बारसें, आणि त्यांना जोडणारीं गाणीं. मुंबईच्या लिबर्टी चित्रगृहांत तो दीर्घकाळ चालला आणि बायकामुलांसह मंडळी सणाला निघावें तशी नटून तेथें गेलीं. पुढच्याच वर्षीं २० ऑक्टोबरला 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' आला. त्याचा नायक लंडनच्या श्रीमंताचा मुलगा. त्याला नोकरीची चिंता नाहीं, परीक्षेंत नापास झाल्याचेंहि दुःख नाहीं. 'दीवार'च्या हमालापासून या तरुणापर्यंतचें अंतर वीस वर्षांचें आहे. पण मनाचें अंतर मोजूं गेल्यास तें फारच लांबचें ठरेल. गंमत अशी कीं, या श्रीमंती कथेला दीर्घायुष्य दिलें तें स्वस्त तिकिटानें. मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिर चित्रगृहांत तो दिवसाच्या एका खेळाला, अगदीं अल्प दरांत, वर्षानुवर्षें चालू राहिला. समोर रेल्वेचें स्थानक, शेजारीं एस. टी. चा तळ, गाडीला अवकाश असलेला प्रवासी, पाळी संपवून आलेला टॅक्सीवाला, मुंबईंत नवा आलेला मुलगा तेथें येऊन बसे. १९५८ सालीं बांधलेल्या त्या चित्रगृहांत या चित्रपटाचे हजार आठवडे २०१४ च्या डिसेंबरांत पुरे झाले.

परंतु तोंवर नवी इमारत उभी राहिली होती. १९९७ सालीं दिल्लीच्या साकेत भागांत चार पडद्यांचें पहिलें मल्टिप्लेक्स उघडलें. पुढच्या वर्षीं केंद्र सरकारनें चित्रपटव्यवसायाला उद्योगाचा दर्जा देण्याचें घोषित केलें, त्यामुळें बँकांचें व कंपन्यांचें भांडवल उघड मार्गानें येऊं लागलें. महाराष्ट्रासह अनेक राज्यांनीं नव्या बहुपडदा चित्रगृहांना आरंभींच्या वर्षांत मनोरंजन-करांतून सवलत दिली. मग तीं मोठ्या बाजार-संकुलांच्या वरच्या मजल्यांवर झपाट्यानें उगवलीं. थंड हवा, स्वच्छ स्वच्छतागृहें, रुंद खुर्च्या. बायकामुलांना निर्भयपणें जातां येईल अशी जागा. हा लाभ लहान मानूं नये. ज्या बायका पंधरा वर्षें चित्रगृहाकडे फिरकल्या नव्हत्या, त्या पुन्हां आल्या त्या प्रथम स्वच्छतेमुळें, आणि मग चित्रपटामुळें.

या नव्या इमारतीचें अर्थशास्त्र मात्र निराळें होतें. हजार आसनांच्या चित्रगृहांत दोनशें माणसें बसलीं तर तें ओस दिसे आणि खेळ उतरविला जाई; तींच दोनशें माणसें लहान दालनांत बसलीं कीं दालन भरून जाई. म्हणजे दोनशेंच माणसांना आवडेल अशी कथाहि आतां पडद्यावर येऊं शकली. २००१ च्या 'दिल चाहता है'मध्यें तीन सुखवस्तु मित्र शहरी लोक बोलतात तसेंच बोलतात. त्यांच्या गोव्याच्या सहलीनें छापऱ्याच्या किल्ल्याला असें कांहीं प्रसिद्ध केलें कीं पुढें पुष्कळ प्रवासी त्याला चित्रपटाच्याच नांवानें ओळखूं लागले. २००६ च्या 'खोसला का घोसला'मध्यें तर दिल्लींतल्या एका निवृत्त गृहस्थाचा जमिनीचा तुकडा हाच सारा विषय आहे. त्यांत मारामारी नाहीं, परदेशांतलें गाणें नाहीं. भूखंड बळकावणाऱ्या भामट्याला मध्यमवर्गीय कुटुंब कसें फसवितें, एवढेंच. जुन्या चित्रगृहांत अशा चित्रपटाला दुसरा आठवडा पाहावयास मिळणें कठीण होतें.

पण दोनशें माणसांना पुरेशी कथा करतां आली, याचा दुसरा अर्थ असा कीं उरलेल्या आठशेंची गरज राहिली नाहीं. तिकिट महाग झालें; तिकिटाहून महाग लाह्या झाल्या. लाह्या म्हणण्याचा संकोच वाटतो, म्हणून तेथें त्यांना पॉपकॉर्न म्हणतात; आणि मालकांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्यांतून येतो. चार माणसांच्या कुटुंबाला जाण्यायेण्यासह एका सायंकाळचा खर्च महिन्याच्या किराण्याशीं ताडून पाहावा लागला. हमाल आणि रिक्षावाला तर त्या सरकत्या जिन्यापर्यंतहि पोंचला नाहीं, आणि तो खुर्चीवरून गेला तसा हळूहळू कथेंतूनहि गेला. शहरी हिंदी चित्रपटांतल्या नायकाला त्या सुमारास नोकरी असली तर ती जाहिरातींत वा बँकेंत, घर उंच इमारतींत, आणि दुःख बहुधा प्रेमांतलें. खेडें दिसलेंच तर लग्नाच्या वरातीसाठीं. १९९८ च्या 'सत्या'सारख्या चित्रपटानें मुंबईच्या गल्लीबोळांतला भिकू म्हात्रे अजरामर केला, हें खरें. आणि २००१ च्या 'लगान'नें शेतकऱ्यांना क्रिकेट खेळावयास लाविलें, हेंहि खरें. अपवाद मोठे होते. पण ते अपवाद होते.

याच सुमारास चित्रपटाचें यश मोजण्याचें मापहि बदललें. पूर्वी आठवडे मोजीत: पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव, पन्नासांचा सुवर्णमहोत्सव. २००८ च्या अखेरीस आलेल्या 'गजनी'नंतर शंभर कोटींची भाषा रूढ झाली. रिळांच्या जागीं संगणकीय प्रक्षेपण आल्यावर एकाच शुक्रवारीं हजारों पडद्यांवर चित्रपट लावतां येऊं लागला, आणि त्याचें भवितव्य तीन दिवसांत ठरूं लागलें. आठवड्यांचें माप निदान माणसें मोजीत होतें. कोटींचें माप रुपये मोजतें. दर वाढविला कीं कोटी वाढतात, मग माणसें कमी झालीं तरी पंचाईत होत नाहीं. वृत्तपत्रांतून विक्रमांचे आंकडे छापले जात असतां त्याच गांवांतलीं जुनीं चित्रगृहें मिटत होतीं, हा विरोधाभास म्हणूनच केवळ दिखाऊ आहे. दादरचें चित्रा चित्रगृह २०१९ सालीं बंद झालें तेव्हां पुष्कळांनीं हळहळ व्यक्त केली; मात्र हळहळणाऱ्यांपैकीं कितीजण आदल्या पांच वर्षांत तेथें गेले होते, हा प्रश्न अवघड आहे.

मराठी चित्रपटाची या नव्या व्यवस्थेंत दुहेरी कोंडी झाली. २००४ सालीं संदीप सावंत यांचा 'श्वास' आला. डोळ्यांच्या कर्करोगानें ग्रासलेला नातू आणि कोंकणांतून त्याला शहरांत आणणारा आजोबा, एवढ्या साहित्यावर उभारलेल्या त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचें सुवर्णकमळ मिळालें. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनीं मराठीला तो मान लाभला. ऑस्करसाठीं तो भारतातर्फे गेला तेव्हां तेथील खर्चाकरितां शाळांतल्या मुलांनींसुद्धां पैसे जमविले. मग चांगल्या मराठी चित्रपटांची एक रांगच लागली. पण त्यांना पडदा कोठें मिळावयाचा? एकपडदा चित्रगृहें मिटत चाललेलीं, आणि मल्टिप्लेक्समध्यें मराठी चित्रपटाला सकाळीं दहाची वेळ. सकाळीं दहाला नोकरदार मराठी मनुष्य लोकलला लोंबकळत असतो. २०१५ च्या एप्रिलांत राज्य सरकारनें सायंकाळीं सहा ते नऊ या वेळांत मराठी चित्रपट दाखविण्याची सक्ती जाहीर केली. त्यावर बरीच टीका आणि टीकेवर प्रतिटीका झाली. आणि थोड्याच दिवसांत सहा ते नऊचे दुपारीं बारा ते रात्रीं नऊ झाले. सक्तीनें वेळ मिळते. खुर्चीवर माणूस बसविण्याची सक्ती करतां येत नाहीं, हें तेव्हां जें बोललें गेलें तें खोटें नव्हतें. परंतु माणूस आपण होऊन येतो काय, याचें उत्तर एकाच वर्षानें मिळालें.

तें उत्तर म्हणजे नागराज मंजुळे यांचा 'सैराट'. त्याआधीं २०१४ सालीं त्यांचा 'फँड्री' चित्रगृहांत आला होता. डुकरें पकडावयास लावलेल्या कैकाडी मुलानें अखेरीस भिरकावलेला दगड थेट पडद्यासमोर बसलेल्यांच्या अंगावर येतो, आणि शहरी प्रेक्षक कांहीं काळ खुर्चींतून हललाच नाहीं. 'सैराट' २०१६ च्या २९ एप्रिलला लागला. करमाळ्याचा परिसर, ऊंस, केळीच्या बागा, दगडी विहीर. पाटलाची मुलगी आणि मासेमाराचा मुलगा. अकलूजच्या शाळकरी रिंकू राजगुरूची आर्ची बुलेट चालविते, ट्रॅक्टर हांकते, आणि मुलाकडे डोळा रोखून पाहते. हिंदी चित्रपटाच्या नायिकेला तोंवर एवढी मोकळीक क्वचितच मिळाली असेल. अजय-अतुल यांनीं या विहिरीवरच्या प्रेमासाठीं अमेरिकेंतल्या वाद्यवृंदाकडून स्वर वाजवून घेतले. यांत केवळ हौस नव्हती. परदेशांतल्या हिरवळीवर धांवणाऱ्या श्रीमंत नायकासाठीं दोन दशकें राखून ठेवलेला सारा थाट, तो मंद गतीनें उडणारा पदर, तीं शेंकडों व्हायोलिनें, दिग्दर्शकानें मासेमाराच्या पोराला देऊन टाकलीं. पूर्वार्धांत प्रेक्षक 'झिंगाट'वर खुर्च्यांमधल्या वाटेंत नाचला. उत्तरार्धांत संगीत हळूहळू ओसरतें, हैदराबादच्या झोपडपट्टींतला संसार उभा राहतो, आणि शेवटीं तर आवाजच काढून घेतला जातो. नाचत आंत आलेला जमाव मुकाट्यानें बाहेर पडला. तालुक्याच्या गांवांतल्या, बंद पडावयास टेकलेल्या चित्रगृहांपुढें त्या उन्हाळ्यांत रांगा लागल्या. आणि त्या रांगांतला मनुष्य कोणी नवा नव्हता. वीस वर्षें त्याला कोणी बोलावलेंच नव्हतें. दोन वर्षांनीं 'धडक' या नांवानें त्याच कथेचा हिंदी अवतार निघाला. त्यांत प्रेमी उदेपूरचे झाले, महाल आले, आणि मूळ कथेचा जो कणा, ती जात, ती पार पुसट झाली. मल्टिप्लेक्सच्या साच्यांतून काढल्यावर 'सैराट'चें काय उरतें, याचा तो जवळजवळ प्रयोगशाळेंतला प्रयोगच म्हणावा.

हिंदीनें सोडून दिलेला हाच प्रेक्षक दक्षिणेनें उचलला. ही गोष्ट एका रात्रींत झालेली नाहीं. दहा-पंधरा वर्षें तेलुगू आणि तामिळ चित्रपट हिंदींत बोलते करून दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांवर दुपार-संध्याकाळ दाखविले जात होते. शिकलेल्या घरांत त्यांची थट्टा होई. मोटारी हवेंत उडतात म्हणून हंसूं येई. पण पानाच्या ठेल्यावर, एस. टी. च्या गाडींत, गावाकडच्या माजघरांत ते चवीनें पाहिले जात. २०१५ सालीं 'बाहुबली' आला, १९१७ च्या नव्हे तर २०१७ च्या एप्रिलांत त्याचा उत्तरार्ध आला, (पौराणिक चित्रपटांच्या आरंभकाळाशीं गल्लत व्हावी इतकें तें जुन्या वळणाचें कथानक होतें), आणि कट्टप्पानें बाहुबलीला कां मारलें हा प्रश्न देशभर दोन वर्षें विचारला गेला. हिंदी आवृत्तींतला बाहुबली शरद केळकर यांच्या आवाजांत बोलतो. पुढें २०२१ च्या डिसेंबरांत आलेल्या 'पुष्पा'च्या नायकाला हिंदी वाणी दिली श्रेयस तळपदे यांनीं. नायक तेलुगू, भाषा हिंदी, गळा मराठी नटाचा! आणि या नायकांचे व्यवसाय पाहावे. पुष्पा हा रक्तचंदनाच्या जंगलांतला मजूर, 'के. जी. एफ.'चा नायक दारिद्र्यांत मेलेल्या आईला दिलेला शब्द घेऊन मुंबईंत आलेला पोर. पन्नास वर्षांपूर्वी 'दीवार'मध्यें बिल्ला लावून उभा असलेला तो हमालच दक्षिणेची वाट काढून परत आला, असें म्हटलें तर चालेल. मात्र तो परततांना थोडा उन्मत्त होऊन परतला. 'दीवार'च्या विजयला आईपुढें मान खालीं घालावी लागे; या नव्या वीरांना कोणापुढेंच घालावी लागत नाहीं, आणि त्यांच्या कथांतल्या स्त्रियांना उभें राहावयास पुरेशी जागाहि नसते. प्रेक्षक परत आला याचा आनंद मानतांना त्याच्या पानांत काय वाढलें जातें आहे, इकडेहि पाहणें प्राप्त आहे.

२०२० च्या मार्चांत साथीमुळें सारींच चित्रगृहें बंद झालीं, आणि घरच्या पडद्यानें उरलेलें काम केलें. त्याची तयारी २०१६ मध्येंच झाली होती: त्या वर्षीं परदेशी ओटीटी कंपन्या येथें आल्या आणि मोबाइलवरचा डेटा एकदम स्वस्त झाला. या पडद्यापुढें पिट नाहीं, बाल्कनी नाहीं; एक मनुष्य, एक कानांतलें यंत्र. मल्याळम भाषेंतलें 'द ग्रेट इंडियन किचन' २०२१ च्या जानेवारींत असेंच घराघरांत पोंचलें. मोठ्या कंपन्यांनीं आधीं नाकारलेला हा चित्रपट केरळांतल्या एका लहानशा मंचानें दाखविला. नवी सून, ओटा, तुंबलेली मोरी, गळणारी नळी, ताटाभोंवतीं टाकलेलीं चोथ्यांचीं ढिगें, आणि पुन्हां ओटा. असा चित्रपट चित्रगृहांत बहुधा तीन दिवस टिकला नसता. घरीं तो पाहतांना मात्र पलीकडच्या खोलींतून भांड्यांचा आवाज येत असे, आणि त्या आवाजानें पडद्यावरच्या आवाजाला जी साथ दिली, ती कोणत्याहि चित्रगृहाला देतां आली नसती. किरण राव यांचा 'लापता लेडीज' २०२४ च्या मार्चांत चित्रगृहांत आला तेव्हां गर्दी बेताचीच होती. घरच्या पडद्यावर येतांच तो सर्वतोमुखीं झाला.

यावरून चित्रगृहाचे दिवस भरले असें अनुमान काढणें घाईचें होईल. २०२२ च्या २३ सप्टेंबरला देशांतल्या पुष्कळ मल्टिप्लेक्सनीं एका दिवसापुरतें तिकिट पंचाहत्तर रुपयांना दिलें, आणि सकाळच्या खेळांपासून दालनें भरून गेलीं. चित्रपट तेच होते, जे आदल्या दिवशीं रिकाम्या खुर्च्यांपुढें चालले होते. पुढच्या वर्षीं ३० जूनला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' लागला. सहा बहिणी, त्यांतल्या बहुतेक चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या, मंगळागौरीची स्पर्धा, जुने रुसवे. धंद्याच्या हिशेबांत ज्यांना प्रेक्षक म्हणून कोणी गणलेंच नव्हतें अशा बायका नऊवारी नेसून, नथी घालून, भिशीच्या आणि भजनाच्या मंडळांतून दहा-दहा, वीस-वीस मिळून आल्या. खेळ संपल्यावर पडद्यासमोर फुगड्या घातल्या. चित्रपटांत कलेच्या दृष्टीनें नवें असें फारसें नाहीं. पण त्या बायका घरीं, एकेकटीनें, मोबाइलवर तो पाहूं शकल्या असत्या. तशा पाहावयाच्या नव्हत्या, म्हणून तर त्या आल्या.

२०२४ च्या मे महिन्यांत पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' या चित्रपटाला कान येथील महोत्सवांत ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळाला. तेथील मुख्य स्पर्धेंत तीस वर्षांनीं भारतीय चित्रपट पोंचला होता. मुंबईच्या एका रुग्णालयांतल्या दोन मल्याळी परिचारिका आणि त्याच रुग्णालयांत स्वयंपाक करणारी पार्वती यांची ती कथा. पार्वतीचें काम छाया कदम यांनीं केलें आहे. नवरा गिरणींत होता, तो गेला, राहत्या खोलीचा कागद तिच्यापाशीं नाहीं, आणि बिल्डरला तेथें उत्तुंग इमारत उठवावयाची आहे. एका रात्रीं ती मैत्रिणीला बरोबर घेऊन त्या इमारतीच्या भल्यामोठ्या जाहिरात-फलकावर दगड मारते, आणि मग सामान बांधून रत्नागिरीकडे आपल्या गांवीं निघून जाते. हा चित्रपट त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत भारतभर प्रदर्शित झाला, तो मोजक्या पडद्यांवर, बहुतेक मल्टिप्लेक्समध्यें. मुंबईंतल्या अशा पुष्कळ दालनांखालची जमीन एके काळीं गिरण्यांचीच होती.